सही झाल्यानंतरची वर्षे

कोल्हापूरचा टोल 2015 च्या अखेरीस रद्द झाला. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसे पुढे असलेले ते आंदोलन, ते मोर्चे, पेटलेले टोलनाके अजून लोकांच्या लक्षात आहेत. त्याच्या जोडीने चाललेला दुसरा वाद मात्र फारसा कोणाला आठवत नाही. टोल बंद करायचा तर रस्ते बांधणाऱ्या कंपनीला भरपाई द्यायला हवी आणि भरपाई द्यायची तर रस्ते नेमके किती रुपयांचे झाले ते ठरवायला हवे. सुमारे 50 किलोमीटर रस्ते, 30 वर्षांची मुदत, महापालिका, रस्ते विकास महामंडळ आणि कंपनी अशा तिघांच्या सह्या. एवढे असूनही झालेल्या कामाची सगळ्यांना मान्य होईल अशी किंमत कोणाकडेच नव्हती. मूल्यांकनाला समित्या नेमाव्या लागल्या, तरी आकडे जुळेनात. ज्या महापालिकेच्या हद्दीत, तिच्याच जमिनीवर रस्ते झाले, तिच्या दप्तरात त्यांचा हिशेब निर्विवाद असायला हवा होता.

सार्वजनिक-खासगी भागीदारीबद्दल आपल्याकडे दोनच सुरांत बोलले जाते. एका सुरात ती शहरांचे तारण आहे, दुसऱ्यात लूट. दोन्ही सूर करार होण्याच्या आधीच थांबतात. माझ्या मते खरा प्रश्न करारानंतरच्या वर्षांचा आहे आणि नगरपालिकांना दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणात नेमकी तीच वर्षे गायब असतात.

हे प्रशिक्षण काही नवे नाही. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 रोजी लागू झाली. बाराव्या अनुसूचीतले पाणी, कचरा, रस्ते असे 18 विषय शहरांकडे द्यायचे ठरले. त्या मानाने पैसा आला नाही, माणसेही आली नाहीत. ती फट खासगी भांडवलाने भरावी हा विचार त्याच दशकात जोर धरू लागला. जागतिक बँक, आशियाई विकास बँक, संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांनी ‘क्षमताबांधणी’ हाती घेतली. आपल्याकडे पुण्याची यशदा आहे, मुंबईत 1926 पासूनची अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था आहे. शिकवणाऱ्या संस्थांची वाण कधीच नव्हती. कमी पडतो तो अभ्यासक्रम. प्रकल्प कसा आखावा, निविदा कशी काढावी, जोखीम कशी वाटून घ्यावी, सल्लागार कसा निवडावा, इथपर्यंत तो बरा असतो. सही झाली की तो संपतो.

औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, समांतर जलवाहिनी पाहा. 792 कोटींची योजना, 2011 मध्ये करार, मुदत 20 वर्षे. सप्टेंबर 2014 मध्ये शहराचा पाणीपुरवठा कंपनीच्या हाती गेला आणि जून 2016 मध्ये सर्वसाधारण सभेने करार मोडला. जायकवाडीहून येणाऱ्या ज्या मुख्य वाहिनीसाठी हा सगळा खटाटोप, तिचेच काम पुढे सरकले नव्हते. पुढे 1,680 कोटींची नवी योजना आली, तिचाही खर्च फुगला आणि दरम्यान गावाने कित्येक दिवसांआड नळाची वाट पाहिली. कंपनीला दोष देणे सोपे आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण पाणीपुरवठा आधी कंपनीच्या हाती जातो आणि मुख्य वाहिनी मागे राहते, असे घडत असताना पहिल्या सहा महिन्यांत हटकणारी यंत्रणा पालिकेत का नव्हती? टप्पा चुकला की देयक अडवायचे, नोटीस कोणत्या कलमाखाली काढायची, ती टिकेल अशी कशी लिहायची, हे काम तिथे नेमके कोणाचे होते?

बहुतेक ठिकाणी हे काम एखाद्या उपअभियंत्याच्या गळ्यात असते. समोर कंपनीचे वकील, चार्टर्ड अकाउंटंट, दावे तयार करणारे स्वतंत्र खाते. इकडे एक अभियंता, त्याच्या टेबलावर आणखी तीन योजना, आणि वर्षभरात बदलीची शक्यता. प्रशिक्षणाला जातात आयुक्त आणि मुख्याधिकारी, म्हणजे पालिकेत सर्वांत कमी काळ टिकणारे लोक. जे 25 वर्षे त्याच शहरात काढतात, ते कनिष्ठ अभियंता, लेखापाल, मीटर वाचणारा, व्हॉल्व्हमन, त्यांना कोणी बोलावत नाही. कोणत्या गल्लीखालून कोणती जुनी लाइन गेली आहे हे व्हॉल्व्हमनला ठाऊक असते. तो निवृत्त झाला की ती माहितीही जाते, आणि पुढे तीच माहिती सल्लागाराकडून विकत घ्यावी लागते. शिवाय आस्थापना खर्च 35 टक्क्यांवर जाऊ नये या अटीमुळे भरती रखडलेली. रिकाम्या खुर्चीला कोण शिकवणार?

घनकचऱ्यात ही उणीव सर्वांत लवकर उघडी पडते. वाहतुकीचा ठेका टनावर दिला की ठेकेदाराचा पैसा वजनात असतो. मग घंटागाडीत माती येते, राडारोडा येतो, ओला-सुका वेगळा करण्यात कोणालाच रस उरत नाही, कारण सुका कचरा आधीच बाजूला निघाला तर वजनकाट्यावरचा आकडा खाली येतो. यात ठेकेदार फार खलनायकी वागतो असेही नाही. ज्याचे पैसे मिळतात ते तो आणतो. मोबदला टनावर द्यायचा की वेगळा केलेला कचरा देणाऱ्या घरांवर, हा निर्णय करारातल्या एका ओळीचा असतो. ती ओळ ओळखणारा माणूस पालिकेत हवा आणि वजनकाट्याच्या पावत्या दर महिन्याला चाळणाराही हवा. दुसरा पहिल्याहून दुर्मीळ.

पुण्यात या दुखण्यावर वेगळा उपाय निघाला. 1993 मध्ये उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, तिच्यातून निघालेली कचरावेचकांची सहकारी संस्था ‘स्वच्छ’ आणि 2008 मध्ये तिचा महापालिकेशी झालेला करार. घरोघरचा कचरा उचलणारी बाई शुल्क थेट घरांकडून घेते, सुका माल विकून वर कमावते. म्हणजे वर्गीकरणात तिचाच फायदा. भागीदारीतला ‘खासगी’ म्हणजे बडी कंपनीच असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे? करार वेळोवेळी लोंबकळत ठेवला गेला, तो भाग वेगळा. त्यातून पालिकेच्या मनातली उतरंड दिसते.

प्रशिक्षणवर्गांत हमखास सांगितले जाणारे यशाचे उदाहरण चेन्नईलगतच्या अलंदूरचे. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या नगरपालिकेने भुयारी गटार योजना घेतली, घरटी 5,000 रुपये ठेव आधी गोळा केली आणि सांडपाणी शुद्धीकरण केंद्र बांधा-वापरा-हस्तांतरित करा या पद्धतीने दिले. वर्गात या उदाहरणाचा आर्थिक आराखडा फळ्यावर येतो. नगराध्यक्ष आर. एस. भारती यांनी वस्त्यावस्त्यांत फिरून लोकांना ठेव भरायला राजी केले, हा भाग एका वाक्यात उरकतो. योजना उभी राहिली ती त्या फिरण्यावर. पैसे आधी भरलेला माणूस काम रेंगाळू देत नाही. जाब विचारणारे लोक हीच तिथली देखरेख यंत्रणा होती.

म्हणून नगरसेवकांना वगळून दिलेले प्रशिक्षण अर्धे आहे. महाराष्ट्रात तर गेल्या काही वर्षांत ही बाजू पारच लंगडी झाली. 2022 पासून बहुतेक महापालिका कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती होत्या. स्थायी समिती नाही, सर्वसाधारण सभा नाही. त्या काळात झालेल्या दीर्घ मुदतीच्या करारांना जाहीर प्रश्न विचारले गेले नाहीत. सभागृहातला आरडाओरडा कितीही वैतागवाणा असो, एखादी उपसूचना तरी त्यातून निघते.

पालिकेने सगळे स्वतःच करावे, असा याचा अर्थ नाही. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी सरकारी यंत्रणेच्याच बळावर आणून दाखवले. पण अनेक पालिकांना स्वतःच्या बळावर एक तासही धड देता येत नाही. नागपूरने 2012 मध्ये 25 वर्षांसाठी पाणी खासगी कंपनीकडे सोपवले, पण दर ठरवण्याचा अधिकार आणि मालमत्ता स्वतःकडे ठेवली. सगळ्या शहराला चोवीस तास पाणी हे वचन तिथेही मुदतीत पूर्ण झाले नाही. त्यातल्या त्यात फरक एवढाच की काय द्यायचे होते आणि काय मिळाले, यावर भांडायला पालिकेच्या हातात काही उरले आहे.

तेव्हा प्रशिक्षणाचा निम्मा वेळ तरी सहीनंतरच्या वर्षांना द्यावा. वर्गात नमुना करार वाटण्याऐवजी मोडलेला करार वाटावा आणि अभियंत्याला, लेखापालाला, नगरसेवकाला एका टेबलावर बसवून तो कुठे निसटला ते शोधायला लावावे. देखरेखीचा खर्च प्रकल्पाच्या किमतीतच धरावा, देखरेख पथकाची बदली करारातला ठरावीक टप्पा संपेपर्यंत करू नये. आणि वाचकहो, तुमच्या पालिकेने पाण्याचा वा कचऱ्याचा ठेका दिला असेल तर माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 4 नुसार त्याची माहिती कोणी न मागता पालिकेने प्रसिद्ध करायला हवी. संकेतस्थळावर करारनामा आणि महिन्याचा कामगिरी अहवाल शोधा. नसेल तर लेखी मागा आणि शक्य झाले तर शेजाऱ्यालाही सोबत घेऊन जा.