खंडणी

'खंडणी' हा शब्द हल्ली वृत्तपत्रांत गुंडांच्या संदर्भातच वाचावयास मिळतो. शुभवर्तमानात मात्र प्रभूच्या प्राणार्पणाला तोच शब्द लावला आहे : दास्यात पडलेल्यांच्या सुटकेसाठी मोजलेले मोल. माणसाने माणसासाठी असे मोल मोजणे कितपत योग्य, हा प्रश्न आम्हांस जॉन ग्रेग फी या अमेरिकन प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाच्या चरित्राने घातला.

फी यांचा जन्म १८१६ साली केंटकी राज्यात, गुलाम बाळगणाऱ्या घरात झाला. ईश्वरविद्येच्या अभ्यासकाळात गुलामगिरी हे पाप आहे अशी त्यांची खात्री पटली. त्यापायी पुढे वडिलांनी त्यांना वारसाहक्कातून वगळले. घरची दासी ज्यूलेट माइल्स हिला वडील विकणार, असे कळताच फी यांनी स्वतः पैसे भरून तिला विकत घेतले व मुक्त केले.

परंतु जे विकाऊ नाहीच त्याचे पैसे देणे, म्हणजे विकणाऱ्याचा हक्क मान्य करणे नव्हे काय? १८४६ साली इंग्लंडमधील स्नेह्यांनी फ्रेडरिक डग्लस यांची पैसे भरून सुटका केली, तेव्हा गुलामगिरीविरोधी मंडळींतील काहींनी हाच आक्षेप घेतला होता. आक्षेप तर्काला धरून आहे. मात्र त्याची झळ आक्षेपकाला लागत नाही, विकल्या जाणाऱ्या स्त्रीला लागते. म्हणून आम्ही फी यांना दोष देणार नाही. (१८३८ साली मेरीलँडच्या जेझुइटांनी आपल्याकडील २७२ गुलाम स्त्री-पुरुष व मुले विकली. हे ठाऊक असलेल्या कॅथलिक धर्मगुरूने तर तो मुळीच देऊ नये.)

आमचे मन अडखळते ते निराळ्याच ठिकाणी. मोल एकीचेच दिले गेले होते. ज्यूलेटची मुले-नातवंडे फी यांच्या वडिलांच्या मालकीचीच राहिली. १८५८ साली त्यांना ओहायो नदीपलीकडे नेऊ पाहताना ती पकडली गेली आणि फ्रँकफर्टच्या तुरुंगातच तिचा अंत झाला. आईची सुटका झाली होती. आईपणाची झाली नव्हती.

फी यांनी १८५५ साली बेरिया येथे शाळा सुरू केली होती. १८५९ साली सशस्त्र टोळीने त्यांना राज्याबाहेर घालविले. यादवी युद्धानंतर, १८६६ साली, त्याच शाळेत काळी मुले गोऱ्यांच्या वर्गात येऊन बसली. काही गोरे विद्यार्थी उठून गेले. फी यांनी काळ्यांना उठविले नाही. एकेकाला सोडवून जे साधले नव्हते, त्याचा आरंभ आम्हांला या वर्गात दिसतो. १९०१ साली फी निवर्तले. १९०४ साली राज्याने कायदा करून तो वर्ग मोडला, आणि काळ्या विद्यार्थ्यांना बेरियाचे दार पुन्हा उघडण्यास १९५० साल उजाडावे लागले.