करणाची पुण्याई, कर्त्याचे खाते

ज्या भाषेत एखाद्या प्रोग्रामरने वर्षानुवर्षे आपली उपजीविका केली, ती बाजूला ठेवून दुसरीत काम सुरू करावे असा हुकूम वरून आला, म्हणजे त्याची अडचण बहुधा शिक्षणाची अडचण मानली जाते. नवे व्याकरण, नवी साधने आणि ती अंगवळणी पडेपर्यंत लागणारे काही महिने, एवढा हिशेब मांडून तो विषय दफ्तरी दाखल होतो. वस्तुतः त्या माणसापुढे त्याच वेळी एक निराळा प्रश्न उभा राहिलेला असतो, आणि तो आपल्या दर्शनकारांच्या चांगल्या परिचयाचा आहे. आजवर माझ्या हातून जे काम निर्दोष झाले, त्यातला निर्दोषपणा माझा होता, की मी वापरीत आलो त्या साधनाचा? कर्त्याच्या खाती जमा दिसणाऱ्या पुण्याईत करणाचा वाटा किती?

यावर एक तयार उत्तर मिळते, आणि वेदान्ताच्या परिभाषेत सांगितले की ते भारदस्तही वाटते. भाषा ही केवळ उपाधी आहे. स्फटिकाजवळ जास्वंद ठेवली म्हणजे तो तांबडा दिसतो आणि ती उचलली म्हणजे त्याचे मूळचे शुभ्रत्व जसेच्या तसे प्रत्ययास येते, तद्वत कोबोल गेली काय आणि जावा आली काय, प्रोग्रामरची बुद्धी ती तीच. आत्म्याच्या विचारात हा दृष्टान्त योग्यच आहे. कसबाच्या विचारात मात्र तो मला पटत नाही, कारण सर्व भाषा काढून घेतल्यावर मागे उरणारे शुद्ध, निरुपाधिक प्रोग्रामरपण आजवर कोणाच्या दृष्टीस पडलेले नाही. व्यवहारातले कोणतेही ज्ञान शब्दाशी गुंफल्यावाचून राहत नाही, असे प्रतिपादन करणारा वाक्यपदीयकार भर्तृहरी येथे अधिक जवळचा वाटतो. आणि एपीएल या भाषेचा जनक केनेथ आयव्हर्सन याने १९७९ साली ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानासाठी, चिन्हपद्धती हे विचाराचेच साधन आहे, हा विषय निवडला, तेव्हा तोही निराळ्या वाटेने त्याच परिसरात येऊन पोहोचला होता.

एक उदाहरण जवळून पाहू. १९५९ साली अमेरिकेत सरकारी खाती आणि यंत्रनिर्माते यांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून आखावयास घेतलेली कोबोल ही भाषा मुळातच कचेऱ्यांच्या जमाखर्चासाठी जन्मली. विसाव्या शतकाच्या अखेरीस, सालाचे दोनच आकडे लिहिण्याच्या जुन्या रिवाजामुळे २००० साली सारे हिशेब कोलमडतील या धास्तीने परदेशी बँकांचे व विमा कंपन्यांचे असले प्रोग्रॅम तपासण्याचे काम हिंदुस्थानात आले, तेव्हा पुण्यामुंबईच्या अनेक मराठी तरुणांनी ती आत्मसात केली, आणि पुढे त्यांच्यापैकी कित्येकांना १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या जावाकडे वळावे लागले. आता कोबोलमध्ये रकमेसाठी जागा आखताना रुपयांची किती घरे आणि पैशांची किती, हे प्रोग्रामर आरंभीच लिहून ठेवतो, आणि त्यापुढचा हिशेब दशमान पद्धतीनेच चालतो. जावामध्ये मात्र अपूर्णांकासाठी सहज हाताशी येणारा प्रकार द्विमान पद्धतीचा असतो. त्या पद्धतीत एक दशांश हा साधा अपूर्णांकदेखील नेमका लिहिता येत नाही, आणि म्हणून ०.१ व ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी पुढे येते. कोबोलमध्ये मुरलेल्या ज्या माणसाचा ताळेबंद पैशाने कधी चुकला नाही, त्याला हे पाहिल्यावर प्रथमच उमगते की ही दक्षता त्याने कधी बाळगलेलीच नव्हती. ती भाषेने त्याच्या वतीने बाळगली होती. (डच संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा याने १९७५ साली कोबोलच्या वापराने बुद्धी पंगू होते असा कठोर अभिप्राय दिला, त्या थोर पुरुषाविषयी पूर्ण आदर बाळगूनही मला म्हणावेसे वाटते की त्याने भाषेला विद्यार्थ्याच्या बुद्धीच्या बाजूने तोलले, खातेदाराच्या बाजूने तोलले नाही.)

याहून सूक्ष्म गोष्ट पुढेच आहे. व्याजाचा आकडा १२ रुपये ३४.६ पैसे असा निघाला आणि तो दोन दशांश स्थळांच्या जागेत ठेवावयाचा झाला, तर कोबोल उरलेला अंश गुपचूप छाटून १२.३४ लिहिते, पूर्णांकन हवे असल्यास तेथे 'राउंडेड' हा शब्द मुद्दाम घालावा लागतो. म्हणजे पैशाचा अंश कोणाच्या पदरात पडावयाचा हा नियम अशा जुन्या प्रोग्रॅममध्ये कोठेही लिहिलेला नसतो. तो एका शब्दाच्या नसण्यात राहत असतो. वैशेषिकांच्या परंपरेत अभावाला स्वतंत्र पदार्थ का मानले गेले, आणि भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे निराळे प्रमाण का धरले, हे पोथीतून समजून घेताना ज्यांना कष्ट पडतात, त्यांनी असा एखादा प्रोग्रॅम ओळीने वाचून पाहावा. जे आहे त्याचा नव्या भाषेत तर्जुमा करता येतो. जे नाही त्याचा तर्जुमा करावयाचा, तर ते नाही हे आधी ध्यानात यावे लागते, आणि जुन्या भाषेत पूर्ण रुळलेल्या माणसाच्या ते सर्वांत उशिरा ध्यानात येते. जावातला दशमान प्रकार, बिगडेसिमल ज्याचे नाव, तो तर शंभराला तिनाने भागा म्हटले आणि शेष कसा मिटवावयाचा ते सांगितले नाही, तर भागाकारच नाकारतो. जुन्या साधनाने जो प्रश्न कधी विचारलाच नव्हता, तो नवे साधन अडून विचारते.

खंडेनवमीला आणि दसऱ्याला आपल्याकडे सुतार पटाशी पुजतो, शेतकरी विळाकोयता पुजतो, आणि पुण्याच्या कचेऱ्यांतून संगणकालाही झेंडूचे फूल वाहिले जाते. पुष्कळ सुशिक्षितांना तो निव्वळ रूढीचा भाग वाटतो. मला त्यात एक यथार्थ कबुली दिसते. गीतेच्या १८व्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची जी पाच कारणे सांगितली आहेत, त्यांत कर्त्याच्या पाठोपाठ करणाची गणना आहे, आणि केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याची दृष्टी तेथे सदोष ठरविली आहे. परंतु या विचाराचा आधार घेऊन जबाबदारीही करणाकडे वर्ग करता येईल, असे जर कोणी म्हणेल, तर ते मान्य करता येणार नाही. पुण्याईत साधनाचा वाटा होता, एवढे कळल्यानंतर उत्तरदायित्व उलट वाढते. कारण जी दक्षता आजवर न मागता मिळत होती, ती यापुढे कोणीतरी जाणूनबुजून बाळगली पाहिजे, आणि जावा जाणूनबुजून काही बाळगीत नाही.

म्हणून साधन बदलताना जुन्या साधनाविषयी जी हळहळ वाटते, तिला सरसकट आसक्ती म्हणून झिडकारणे मला अन्यायाचे वाटते. अनासक्तीचा उपदेश मालकाच्या तोंडून आणि मुदतीच्या तगाद्यासह येऊ लागला, म्हणजे त्याचा अर्थच पालटतो. त्याग करणाऱ्याने आपण काय सोडतो आहोत ते आधी पाहिलेले असते, आणि येथे तर त्या पाहण्यासाठी लागणारा वेळच नाकारला जातो. जुना आणि नवा असे दोन्ही प्रोग्रॅम काही महिने समांतर चालवून, त्यांचे निकाल खात्यागणिक ताडून पाहण्याची जी पद्धत या व्यवसायात आहे, ती खर्चाची बाब म्हणून प्रथम कापली जाते, याचे मला मनापासून दुःख होते. कारण त्या तुलनेत एका खात्यावर १२.३४ आणि १२.३५ असे दोन आकडे समोरासमोर येतात, तेव्हा त्यांतला खरा कोणता, हे दोहोंपैकी कोणतीच भाषा सांगू शकत नाही. तो छाटलेला अंश बँकेने ठेवावा की खातेदाराला द्यावा, हा निर्णय आजवर कोणी केला होता की तो नुसताच घडत आला होता, हे दफ्तर धुंडाळून शोधावे लागते. आणि लेखी आधार मिळाला नाही, तर प्रोग्रामरने आपल्या मर्जीने जुनाही नियम कायम करू नये आणि नवाही घालू नये. दोन्ही आकडे, त्यांमागचे कारण आणि एकंदर खात्यांवर पडणारा फरक एका कागदावर मांडून, ज्यांना त्याविषयी निर्णयाचा अधिकार आहे त्यांच्यापुढे तो रुजू करावा, आणि त्यांची सही होईपर्यंत ती ओळ नव्या भाषेत लिहू नये.