काट्याला विचारलेले प्रश्न

सांगलीच्या मार्केट यार्डात माझ्या आतेभावाचा हळदीचा व्यापार आहे. सौद्यात राजापुरी हळद घ्यायची, पॉलिश करून पोती भरायची आणि ट्रकनं परराज्यात पाठवायची. त्याचा जुना लॅपटॉप विंडोज १० वर चालणारा. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्या विंडोजला मायक्रोसॉफ्टकडून सुरक्षेची नेहमीची अपडेट्स मिळेनाशी झाली आणि लॅपटॉप विंडोज ११ घेण्याजोगा नव्हता. दिवाळीला गेलो तेव्हा दादानं तीन दुकानांची तीन कोटेशनं समोर ठेवली. तिन्ही पन्नास ते पंचावन्न हजारांतली. प्रोसेसरचं नाव मोठ्या अक्षरात, मग रॅम, मग एसएसडी. "तिन्ही सारखेच दिसतात. कोणता घेऊ?" तो म्हणाला.

दुकानाच्या दारातच पोती तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. मी विचारलं, "दादा, हा काटा घेताना तू काय काय विचारलंस?" त्याला आठवावं लागलं नाही. दरवर्षी वैधमापनचं स्टॅम्पिंग करून कोण देणार, बिघडला तर माणूस किती वेळात येणार, लाइट गेल्यावर बॅटरीवर किती तास चालणार, आणि पोतं आपटून वजन मोजणारा लोडसेल गेला तर तेवढाच बदलून मिळणार की अख्खा काटा टाकायचा. आकडा किती झटक्यात उमटतो, हे त्यानं विचारलं नव्हतं. पोतं ठेवल्यावर क्षण-दोन क्षणांत आकडा स्थिरावतो, तेवढं त्याला पुरे होतं.

मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, पण ते सावकाश उलगडावं लागतं. धंद्याचं साधन जोखायचं ते त्याच्या बंद पडलेल्या दिवसावरून. चालू दिवशी तिन्ही लॅपटॉप सारखेच असतात. त्यांच्यातला फरक दिसतो तो ज्या सकाळी त्यांतला एक सुरू होत नाही तेव्हा, आणि कोटेशनच्या कागदावर त्या सकाळीबद्दल एक ओळही नसते.

ती सकाळ कशी असते ते पाहू. हळदीचा हंगाम फेब्रुवारीत उभा राहतो आणि मार्चअखेर त्याच्या ऐन मध्यात येते. दारात ट्रक भरून उभा आहे. ५० हजारांवरचा माल परराज्यात जायचा तर ई-वे बिल हवं. ते मोबाइलवरही काढता येतं. जीएसटीचं पोर्टलही कुठल्याही संगणकावर उघडतं. ११ तारखेचं जीएसटीआर-१ आणि २० तारखेचं ३बी शेजारच्या दुकानात बसूनही भरता येईल. पण कोणत्या बिलाचं, किती पोत्यांचं, कोणाच्या नावे? ते सगळं बंद लॅपटॉपमधल्या हिशेबात आहे. म्हणजे अडून राहतं ते यंत्रात कोंडलेल्या नोंदींपायी. नवं यंत्र संध्याकाळपर्यंत विकत मिळेल, नोंदी मिळणार नाहीत.

म्हणून पहिला प्रश्न नोंदींचा, आणि त्यात एक गोष्ट फार थोड्या दुकानदारांना ठाऊक असते. विंडोज ११ च्या बहुतेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं प्रवेश केला की डिस्कला आपोआप कुलूप लागतं. हे चांगलंच आहे. लॅपटॉप चोरीला गेला तरी चोराला हिशेब वाचता येत नाही. एरवी ते कुलूप जाणवतही नाही. पण मदरबोर्ड बदलला की यंत्र ४८ अंकी किल्ली मागतं. ती किल्ली असते लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना ज्याचं खातं घातलं त्याच्या खात्यात. लहान दुकानात हे खातं कोणाचं असतं? बहुधा लॅपटॉप पोचवायला आलेल्या मुलाचं, नाहीतर दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या कारकुनाचं. अशा वेळी डिस्क शाबूत, नोंदी शाबूत, आणि मालक बाहेर उभा. लॅपटॉप कोणताही घ्या, पण पहिल्या दिवशी खातं दुकानाच्या नावानं उघडा, ते आपल्या ताब्यात ठेवा आणि ती किल्ली कागदावर उतरवा. याला एक रुपयाही पडत नाही. रोज संध्याकाळी टॅलीच्या डेटाची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यायची ती यासोबतच. जीएसटीच्या कायद्यानं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब सांभाळायचे आहेत. एवढा काळ एकच लॅपटॉप निभावून नेईल असं धरून चालणं धाडसाचं आहे.

दुसरा प्रश्न माणूस येण्याचा. तिन्ही कोटेशनांवर 'एक वर्षाची वॉरंटी' असंच लिहिलं होतं. तिसऱ्यावर मात्र बारीक अक्षरांत 'ऑनसाइट' हा शब्द होता. त्या एका शब्दात मला तिघांमधला सगळ्यात मोठा फरक दिसला. ऑनसाइट म्हणजे तंत्रज्ञ दुकानात येणार. बाकी दोघांच्या बाबतीत लॅपटॉप आपणच सेवाकेंद्रावर नेऊन टाकायचा आणि बोलावणं येईपर्यंत थांबायचं. पुण्या-मुंबईत हा फरक रिक्षाभाड्याचा असेल. तालुक्याच्या गावी तो दिवसांचा होतो. मी दादाला खरेदीच्या आधीच कंपनीच्या सेवाक्रमांकावर फोन लावायला सांगितलं: आमच्या पिनकोडला माणूस येतो का, आणि तीन वर्षांचा ऑनसाइट करार घेतला तर वर किती पडतील? विक्रीआधी ज्या फोनवर नीट उत्तर मिळत नाही, तिथं बिघाडानंतर मिळेल ही आशा मी ठेवत नाही. पडून किंवा पाणी सांडून झालेलं नुकसान साध्या वॉरंटीत बसत नाही, त्याचा करार वेगळा असतो. हेही त्याच फोनवर विचारून घ्यावं.

तिसरा प्रश्न लोडसेलचा, म्हणजे सुटा भाग बदलता येतो का याचा. यात हळदीची स्वतःची एक अडचण आहे. यार्डात हंगामभर पिवळी धूळ तरंगत असते. ती लॅपटॉपच्या पंख्यातून आत जाते आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्यांमध्ये थर धरून बसते. यंत्र तापलं की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि मालकाला वाटतं, लॅपटॉप म्हातारा झाला. खरं तर त्याला वर्षातून एकदा उघडून पंखा साफ करायला हवा असतो. खालचं झाकण साध्या स्क्रूंनी निघतं, की चिकटवलेलं आहे? रॅम खाचेत बसवलेली आहे, की मदरबोर्डवर सोल्डर केलेली? बॅटरी सुटी मिळते का? धंद्यासाठी म्हणून बनवलेल्या मालिकांची दुरुस्ती-पुस्तिका बऱ्याच कंपन्या स्वतःच्या संकेतस्थळावर खुली ठेवतात. ती दहा मिनिटं चाळली की हे सगळं कळतं. मी घेण्यापूर्वी ती चाळतोच, आणि जिची पुस्तिका सापडत नाही ती मालिका माझ्या यादीतून जाते.

प्रोसेसरबद्दल मी फार बोललो नाही. बिलं, टॅली, पोर्टल, व्हॉट्सअ‍ॅप यांना आजचा कुठलाही मध्यम प्रोसेसर पुरून उरतो. खोळंबा होतो तो रॅम अपुरी पडल्यामुळे: ब्राउझरमध्ये दहा पानं उघडी, सोबत टॅली, की ८ जीबी भरत येते. १६ घ्यावी, किंवा ८ घेऊन खाच रिकामी राहील असं पाहावं. बाकी यूएसबीची जुनी रुंद खाच हवीच, कारण डिजिटल सहीचा टोकन तिथंच लागतो. हिशेबनीस असेल तर कळफलकावर उजवीकडे आकड्यांची वेगळी बटणं हवीत. ती नसली तर दिवसभर आकडे भरणाऱ्याची बोटं अडखळतात. टाइप-सीवर चार्ज होत असेल तर चार्जर बिघडल्या दिवशी पुरेशा वॉटचा दुसऱ्याचा चार्जरही चालतो.

आता पैशांचं. ऑनसाइट करारासह तिसरा लॅपटॉप बाकीच्यांपेक्षा सहा हजारांनी महाग पडत होता. दादाला ते खुपत होतं, आणि खुपणं रास्त होतं. आम्ही कागदावर मांडलं. पाच वर्षं, वर्षाचे ३०० कामाचे दिवस, म्हणजे १,५०० दिवस. ५५ हजार भागिले १,५०० म्हणजे दिवसाला सुमारे ३७ रुपये. वरचे सहा हजार म्हणजे दिवसाला ४ रुपये. भरलेला ट्रक एक दिवस उभा राहिला तर ट्रकवाल्याला काय द्यावं लागतं, ते दादाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तो आकडा त्यानं कागदावर लिहिला नाही, नुसता पेन खाली ठेवला. ५५ हजारांत १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ८,४०० रुपये आहेत. बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक घातला तर त्याच्यासारख्या करदात्या व्यापाऱ्याला त्यांचं क्रेडिट मिळतं. उरलेल्या किमतीवर आयकरात संगणकाचा ४० टक्के घसारा आहे. म्हणून बिल घरच्या नावे फाडू नकोस, एवढं बजावलं.

त्यानं मध्येच विचारलं, कंपन्यांनी वापरून काढलेले धंद्याच्या मालिकेतले जुने लॅपटॉप निम्म्या किमतीत मिळतात, ते कसे? बंद दिवसाची कसोटी लावली तर ते वाटतात तितके वाईट नाहीत. उघडायला सोपे असतात, सुटे भागही मिळतात. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची हवी, एवढं पाहावं. मात्र तिथं येणारा माणूस नसतो. एकुलतं यंत्र म्हणून मी तो घेणार नाही; दुसरं यंत्र म्हणून जरूर घेईन.

दादानं तिसरा घेतला. आणल्या दिवशी दुकानाच्या नावानं खातं उघडलं, टोकन लावून सही तपासली, एक जुनं बिल छापून पाहिलं. मग ४८ आकडे मी वाचले आणि त्यानं वहीच्या पानावर लिहिले. नंतर त्यानं वाचले आणि मी पडद्यावर ताडले. एक ७ चुकीचा निघाला, तो खोडून नीट केला. पान घडी करून तो तिजोरीशी गेला आणि काट्याच्या स्टॅम्पिंगचा दाखला ज्या पाकिटात असतो, त्याच पाकिटात त्यानं ते ठेवलं.