दोर आणि कांकण

दत्तभक्तहो, भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले २४ गुरू सांगितले आहेत. त्यांत एक कुमारी आहे. घरची मंडळी बाहेर गेलेली आणि तिला मागणी घालायला पाहुणे आलेले. ती आत भात कांडायला बसली, तर हातातली कांकणं वाजू लागली. तिला लाज वाटली. तिनं एकेक काढलं. दोन राहिली तरी आवाज होईच. शेवटी एकेकच ठेवलं, तेव्हा शांत झालं. अवधूत यावरून शिकला, की पुष्कळ जण एकत्र आले की कलह ठरलेला. म्हणून एकट्यानं राहावं.

मग आपण प्रपंची माणसांनी काय करायचं? दत्तजयंतीची पालखी काही एकट्याच्यानं उचलत नाही!

विजयदुर्गचा माणूस असं काही सुचेना झालं, की पाण्याकडे बघतो. वाघोटन खाडीत पाग टाकणारा एकटाच असतो. मासा मिळाला तर त्याचा, पाग रिकामा आला तरी त्याचाच. रापणीचं तसं नाही. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धा वेढा घेते, दोन्ही टोकांचे दोर पुळणीवर येतात आणि दोन्हीकडे माणसं ओढत राहतात. नंतर मासळीचे वाटे पडतात. पण कोण जीव लावून ओढतो आणि कोण नुसता दोर धरून चालतो, हे मोजायला काटा नाही.

बँकेत मात्र सगळं मोजता येतं, असं मी समजत होतो. प्रत्येकाचं लेजर वेगळं, सही वेगळी. पण संध्याकाळी सगळ्यांचा मिळून ताळा जमल्याशिवाय काम संपायचं नाही. एकदा २७० रुपयांचा फरक राहिला. "माझं बरोबर आहे," म्हणून मी शेवटची एस.टी. गाठली. शेजारचा सहकारी रात्री उशिरापर्यंत शोधत बसला. सकाळी कळलं, व्हाउचरवरचे ६३० मीच ३६० लिहिले होते. फरकाला ९ नं भाग गेला, की आधी आकड्यांची अदलाबदल झालीय का ते बघावं, हे कॉमर्सला शिकलेला मी! तो एका शब्दानं बोलला नाही. ते न बोलणं आजही टोचतं.

तेव्हापासून मला वाटतं, अवधूताचं ते एक कांकण आपल्यालाही हवंच. फक्त ते वनात जाऊन नव्हे, तर दोर ओढतानाच सांभाळायचं. काम दहा जणांचं असलं तरी मी किती ओढलं याचा हिशेब एकट्यालाच द्यायचा असतो. तिथं दुसरं कांकण नाही, आवाज नाही; मी आणि महाराज.

यंदा महाप्रसादाच्या पंक्तीत वाढायला उभे राहाल, तेव्हा शेजाऱ्यानं किती केलं ते बघू नका. आपला दोर ताणलेला आहे ना, एवढंच बघा.

श्री गुरुदेव दत्त!