आपद्धर्म किती वर्षे चालवायचा?

छोटाउदेपूरकडच्या एखाद्या उपकेंद्रात गरोदर बाईला झटके आले, तर तिथली एएनएम तिला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊ शकते. दोन्ही कुल्ल्यांत खोलवर पाच-पाच ग्रॅम, आणि मग 108 बोलावून बाईला मोठ्या दवाखान्याकडे रवाना करायचे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत तशी सोय आहे आणि त्या सोयीमुळे जीव वाचतात. तीच बाई बाळंत होऊन बडोद्याच्या एखाद्या वॉर्डात पडली आहे, रात्री दोन वाजता तिला साधा ताप चढला आहे, तर हयात नोकरीत गेलेली सिस्टर तिला पॅरासिटामॉलची गोळी स्वतःच्या निर्णयाने देऊ शकत नाही. रेसिडेंटने केसपेपरवर लिहायला हवे. तो थिएटरमध्ये असेल तर थांबायचे, नाहीतर फोनवर ऑर्डर घ्यायची आणि सकाळी राउंडच्या आधी त्याची सही घेऊन ठेवायची.

नोकरीतली काही वर्षे मी आदिवासी पट्ट्यात काढली, बाकीची शहरात. गावातून शहरात बदली झाली तेव्हा माझे शिक्षण वाढलेले होते, अनुभव वाढलेला होता, आणि माझ्या हातून काढून घेतलेली कामेही वाढलेली होती. हे का, ते मला बरीच वर्षे नीट मांडता येत नव्हते. नर्सेसच्या बैठकांत आम्ही ते मानापमानाच्या भाषेत मांडायचो, पगाराच्या भाषेत मांडायचो. त्या तक्रारी खऱ्या होत्या, पण प्रश्न त्यांच्याही खाली होता. तिथपर्यंत मला उपनिषदातल्या एका गोष्टीने नेले.

निवृत्तीनंतर चातुर्मासात मी दांडिया बाजारातल्या प्रवचनाला जाऊ लागले. एका संध्याकाळी बुवांनी छांदोग्यातली उषस्ती चाक्रायणाची गोष्ट घेतली. कुरुदेशात पिके बुडाली होती. उषस्ती बायकोला घेऊन माहुतांच्या गावात येऊन राहिला होता. भुकेने कासावीस होऊन त्याने घुगऱ्या खात बसलेल्या एका माणसाकडे मागितले. तो म्हणाला, माझ्या पानात आहेत तेवढ्याच आहेत. उषस्तीने त्या उष्ट्या घुगऱ्या घेतल्या. माणसाने पाणीही पुढे केले, ते मात्र उषस्तीने नाकारले. घुगऱ्या उष्ट्या नव्हत्या का, असे त्याने विचारले, तेव्हा उषस्ती म्हणाला की त्या खाल्ल्या नसत्या तर मी जगलो नसतो, पाणी मला दुसरीकडेही मिळेल.

बुवांनी यावर आपद्धर्म समजावून सांगितला. संकटात नियम मोडता येतो, पण जेवढा जीव वाचवायला लागेल तेवढाच. मी त्यांना विचारले, "बुवा, त्या देशातला दुष्काळ कधी संपलाच नसता तर?"

ते थोडे थांबले. "ताई, आपद्धर्माला शेवट धरलेला असतो. संकट सरलं की प्रायश्चित्त घ्यायचं आणि आपल्या मूळ आचाराकडे परत यायचं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या अख्ख्या व्यवसायाला या देशात जे काही औषध द्यायचे स्वातंत्र्य आहे ते आपद्धर्माचे आहे. सकाळची ती सही म्हणजे आमचे प्रायश्चित्त.

कायदा पाहा. 1945 च्या औषध नियमांत शेड्यूल एच आहे. त्यातली औषधे नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. त्याच नियमांत शेड्यूल के आहे, आणि त्यात सवलती आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्राशी, उपकेंद्राशी जोडलेल्या नर्स, एएनएम, बहुउद्देशीय कर्मचारी, इतकेच काय अंगणवाडी सेविकासुद्धा सरकारी कार्यक्रमातली औषधे देऊ शकतात, त्यांना विक्रीचा परवाना लागत नाही. म्हणजे जिथे डॉक्टर पोचत नाही तिथे नर्सचे ज्ञान चालते, आणि डॉक्टर इमारतीत शिरला की ते चालेनासे होते. माझ्या शिकण्याने यात तसूभर फरक पडत नाही. फरक पडतो तो दुसऱ्या कुणाच्या असण्या-नसण्याने. ज्ञानाचा याहून मोठा अवमान मला ठाऊक नाही.

आणि संकट तर संपत नाही. माझ्या आईच्या पिढीतल्या नर्सेस जे ऐकत आल्या तेच मी ऐकले: डॉक्टर खेड्यात जात नाहीत, तोवर तुम्ही सांभाळा. हा 'तोवर' पिढ्यान्पिढ्या चालला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने 1990 च्या दशकात 39 गावांत आरोग्यदूत बाया तयार केल्या. जेमतेम शिकलेल्या त्या बायांनी घरोघरी जाऊन नवजात बाळे तपासली, जंतुसंसर्ग ओळखला, जेंटामायसिनची इंजेक्शने दिली. त्या गावांतला नवजात मृत्युदर निम्म्याहूनही खाली आला. 1999 मध्ये हे काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आले आणि पुढे देशाच्या धोरणात त्याचा अंश उतरला. त्या बायांचे शिकणे पक्के होते, मोजलेले होते, मर्यादेतले होते. त्याला कामचलाऊ कसे म्हणायचे? जे पन्नास वर्षे रोज करावे लागते आणि नीट करता येते, तो आपद्धर्म राहत नाही, धर्म होतो, आणि तो तसा लिहिला गेला पाहिजे.

आता कर्माकडे येते, कारण माझ्या दृष्टीने खरा पेच तिथे आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे, चेष्टा आणि दैव. इंजेक्शन भरताना मी त्यांतली कोण असते? कायदा म्हणतो, करण, म्हणजे साधन. ऑर्डर दुसऱ्याची, हात माझा. पण वॉर्डात असे घडत नाही. नवा रेसिडेंट मला विचारतो, "सिस्टर, किती देऊ या?" मी सांगते, तो लिहितो. मी त्याला दोष देत नाही. तो शिकतो आहे, छत्तीस छत्तीस तास जागा आहे, आणि विचारतो हे त्याचे शहाणपणच आहे. पण आता कर्ता कोण? निर्णय माझा, सही त्याची. डोस चुकला तर तो म्हणेल मी सिस्टरवर विश्वास ठेवला, आणि मी म्हणेन मी ऑर्डर पाळली. दोघेही खरे बोलत असतील, आणि रुग्णाच्या वाट्याला उत्तर द्यायला कुणीच उरणार नाही. केलेल्या कर्माला धनी नाही, असे माझ्या धर्मात कुठे सांगितलेले नाही.

निमित्त होण्याची शिकवण आम्हाला फार सोयीने ऐकवली जाते. नर्सने निमित्त व्हावे, सेवा करावी, मी-मी करू नये. कृष्णाने अर्जुनाला निमित्त हो म्हटले ते अर्जुनाला बरेच काही समजावून झाल्यावर, आणि शेवटी नीट विचार कर, मग तुला हवे ते कर, असेही सांगितले. विचार काढून घेऊन उरते ती सेवा नव्हे. राठवा समाजातली एक मधुमेही बाई घरी जाताना तिच्या हातात इन्सुलिनची चिठ्ठी पडते. तिच्या घरी फ्रिज नाही. हे तिने मला सांगितलेले असते, डॉक्टरसाहेबांना सांगायला ती लाजते. माठात बाटली कशी ठेवायची हे मी तिला दाखवते, गोळ्यांवर भागेल का हे राउंडला मी विचारते, कधी ऐकले जाते, कधी नाही. औषध लिहिणे म्हणजे रेणूचे नाव लिहिणे एवढेच असते तर मी हा लेख लिहिलाच नसता. ती गोळी कुणाच्या घरात जाणार आहे, उपाशीपोटी घेतली जाणार आहे की भाकरीनंतर, दुसरे पाकीट विकत घ्यायला पैसे आहेत का, हे सगळे त्या लिहिण्यात येते. यातले बरेचसे ज्ञान नर्सकडे असते.

उषस्तीच्या गोष्टीला उत्तरार्ध आहे, तो प्रवचनांत बहुधा राहून जातो. दुसऱ्या दिवशी तो राजाच्या यज्ञात गेला. तिथे ऋत्विज गायला बसले होते. त्याने एकेकाला बजावले की ज्या देवतेचे हे गान आहे तिला न जाणता गाशील तर तुझे मस्तक गळून पडेल. सगळे गप्प झाले. राजाने विचारले, आपण कोण? नाव कळल्यावर म्हणाला, मी आपल्यालाच शोधत होतो, आता सगळे आपणच करा. उषस्तीने ऋत्विजांना उठवून लावले नाही. हेच गातील, माझ्या अनुज्ञेने गातील, मात्र जेवढे धन यांना द्याल तेवढे मला द्या, असे तो म्हणाला. आदल्या दिवशी उष्टे मागणारा हा माणूस आपल्या विद्येचे मोल सांगताना जरासुद्धा संकोचला नाही.

आमच्या बडोद्यात हे उपनिषद एकदा कायद्यात उतरले होते. 1915 मध्ये सयाजीराव महाराजांच्या संस्थानात हिंदू पुरोहित कायदा झाला. पौरोहित्य करायचे तर परीक्षा द्यावी आणि मंत्रांचा अर्थ यजमानाला सांगता यावा, असा त्याचा आशय होता. घराण्याने चालत आलेला हक्क महाराजांनी पुरेसा मानला नाही. विधी कोण करणार, याचे उत्तर त्यांनी जाणतो तो, आणि जाणतो हे दाखवून देतो तो, असे दिले. ज्ञानदेवांनी त्याच्या सव्वासहाशे वर्षे आधी वेदालाच कंजूष म्हटले होते, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागला. अधिकार राखून ठेवणाऱ्या ज्ञानाबद्दल आपल्या परंपरेत राग आहे आणि तो जुना आहे. मला त्या रागाचा आधार वाटतो.

डॉक्टरांचा आक्षेप मी हलका मानत नाही. औषध लिहिण्याआधी निदान असते, आणि निदान वर्षानुवर्षे शिकावे लागते. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूनम वर्मा खटल्यात एका होमिओपॅथ डॉक्टरला दोषी धरले. त्याने ॲलोपॅथीची औषधे दिली होती आणि रुग्ण दगावला होता. जी पद्धती शिकलेली नाही तिची औषधे देणे हाच निष्काळजीपणा, असे न्यायालयाने म्हटले. हा निकाल मला पूर्ण मान्य आहे. पण त्याचा निकष शिकण्याचा आहे. मग 2014 मध्ये महाराष्ट्राने होमिओपॅथांना एका वर्षाच्या औषधशास्त्राच्या अभ्यासक्रमावर ॲलोपॅथीची औषधे लिहायची वाट मोकळी केली, आणि तीच औषधे जन्मभर हाताळणाऱ्या, त्यांचे परिणाम तासातासाला नोंदवणाऱ्या नर्सला तशी वाट ठेवली नाही, हे कोणत्या निकषाने?

2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातले कलम 32 हे त्या दिशेचे पहिले मोठे पाऊल होते. मध्यम पातळीच्या आरोग्यसेवकाला, कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडरला, मर्यादित परवाना मिळावा, प्राथमिक आणि प्रतिबंधक सेवेत ठरावीक औषधे त्याने स्वतंत्रपणे लिहावीत, एरवी डॉक्टरच्या देखरेखीखाली, आणि अशांची संख्या डॉक्टरांच्या एकतृतीयांशाहून अधिक नसावी, असे त्यात लिहिले आहे. 31 जुलै 2019 ला देशभरच्या डॉक्टरांनी बंद पाळला. ऑगस्टमध्ये कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. माझ्या ओळखीच्या एकाही सिस्टरच्या हाती त्या कलमाने आजवर काही आलेले नाही. 2017 मध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलने नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला, 2018 च्या डिसेंबरात केंद्राने नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफचे धोरण काढले. मुली शिकतात, उत्तीर्ण होतात, आणि वॉर्डात परत येऊन ऑर्डरची वाट पाहतात.

ब्रिटनमध्ये 1986 च्या एका सरकारी समितीने घरोघरी जाणाऱ्या नर्सना औषध लिहू द्यावे असे सुचवले, 1992 मध्ये कायदा झाला, आणि 2006 मध्ये पात्र नर्सना जवळजवळ सगळी औषधयादी खुली झाली. वीस वर्षे लागली. दर पायरीला परीक्षा होती, डॉक्टरच्या हाताखाली सराव होता.

एक गोष्ट मात्र मला कलम 32 लाही सांगायची आहे, आणि ती डॉक्टरांच्या दुसऱ्या आक्षेपाशी जुळते. ते म्हणतात, गरिबाला नर्स आणि श्रीमंताला डॉक्टर, अशी दोन प्रतींची वैद्यकी यातून तयार होईल. ही भीती खरी आहे, आणि नर्सचा अधिकार प्राथमिक सेवेपुरताच ठेवला तर तो पुन्हा आपद्धर्मच राहील. म्हणून सुरुवात उलट टोकाने करावी. बडोद्याच्या मोठ्या रुग्णालयात, जिथे प्राध्यापक, रेसिडेंट आणि इंटर्न सगळे हजर आहेत, तिथे परीक्षा दिलेल्या नर्सला औषधांची एक यादी द्या: ताप, वेदना, उलटी, बद्धकोष्ठ, बाळंतिणीचे लोह, चालू असलेल्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या. प्रतिजैविके सुरुवातीला नकोत, त्यांची आधीच पुष्कळ नासाडी झाली आहे. चिठ्ठीवर तिचे नाव, तिचा नोंदणी क्रमांक, तिची सही असावी. चूक झाली तर चौकशी तिच्या नावाने व्हावी, आणि पगारपत्रकात या जबाबदारीचा वेगळा रकाना असावा. शेजारी डॉक्टर उभा असताना ती सही चालली, की मग ती छोटाउदेपूरला न्यावी.