दुर्बिणीच्या अलीकडे

शिवडीच्या जेट्टीवर आडोसा नाही. समोर उघडा चिखल आणि फ्लेमिंगो. मी दुपारनंतर जातो. सूर्य पाठीशी असतो, भरती चढली की पक्षी जवळ सरकतात. मग फक्त हलायचं नाही. ८ बाय ४२ च्या दुर्बिणीत ८० मीटरवरचा पक्षी १० मीटरवर येतो. त्याच्यासाठी मी मात्र ८० वरच. सौदा एकतर्फी.

सालीम अलींची सुरुवात एअरगननं पाडलेल्या चिमणीपासून झाली. माझ्या हाती बंदूक नाही, म्हणून मी निर्दोष?

परवा लालबागला गच्चीवर दुर्बीण सहज समोरच्या चाळीकडे वळली. बाई भाजी निवडत होती. मी ती झटकन खाली घेतली. लाज तिच्यासाठी वाटली, की ती मान वर करेल म्हणून? फ्लेमिंगोंसमोर तर दुर्बीण अशी कधीच खाली आली नाही.