मंजिरी खुडताना

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४७.

आश्विन लागला. पावसाने घट्ट बसलेली कुंड्यांतली माती मोकळी करायची, गांडूळखत घालायचं, मेथी आणि धने पेरायचे. आणि तुळशीच्या मंजिऱ्या खुडायच्या. बी धरू दिलं की तुळस निबर होते. मंजिरी खुडली की खालून नवे फुटवे येतात. खुडलेली मंजिरी वाया जात नाही, विठ्ठलाच्या चरणी जाते.

तीन वर्षं वाढवलेला माझा प्रोजेक्ट या आठवड्यात दुसऱ्या टीमकडे गेला. मन खट्टू आहेच. पण भगवंत कर्म सोडायला सांगत नाहीत, फळावरचा हक्क सोडायला सांगतात. सावता महाराजांनीही मळा सोडला नाही. मळ्यातच विठ्ठल पाहिला.

आज मंजिरी वाहताना तिच्यासोबत एखादं ‘माझं’ही वाहूया.

रामकृष्ण हरी!